‘शुद्ध वाक्य ओळखा’ : मराठी व्याकरणाचे गुण हातचे जाऊ नयेत म्हणून

तलाठी भरती असो, पोलीस भरती असो की लोकसेवा आयोगाची गट ब आणि गट क ची परीक्षा असो, मराठीच्या प्रश्नांत एक प्रकार हमखास असतो. चार वाक्ये दिलेली असतात आणि वर लिहिलेले असते : ‘शुद्ध वाक्य ओळखा’. कधी शब्द बदलतात, म्हणजे ‘व्याकरणदृष्ट्या अचूक पर्याय निवडा’ किंवा ‘वाक्यातील चूक कोणत्या भागात आहे?’ असे विचारतात. मागणी मात्र तीच असते. २०२३ च्या तलाठी भरतीत २०० पैकी ५० गुण मराठीला होते. एवढा मोठा वाटा ‘मातृभाषाच तर आहे’ म्हणून सोडून देणारे उमेदवार पाहिले की मनापासून वाईट वाटते, कारण थोडी पद्धतशीर मेहनत घेतली तर हे गुण मिळतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुमच्या घरी, गावात बोलली जाणारी मराठी चुकीची नाही. सोलापूर-लातूरकडे ‘मी काम केलो’ म्हणतात. ते तिथल्या बोलीत नियमानेच येते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. परीक्षा प्रमाण मराठीची असते आणि तिचे नियम वेगळे शिकावे लागतात, एवढेच. पुण्यात वाढलेल्यालाही ते शिकावे लागतात, कारण त्याच्या कानालाही ‘आईने मुलीला उठवली’ हे खटकत नाही. म्हणून पहिला सल्ला असा : ‘कानाला बरे वाटते’ या आधारावर उत्तर देऊ नका. कानाला चारपैकी दोन पर्याय बरे वाटतील अशीच प्रश्नाची रचना असते.

पहिली पायरी : पर्याय कुठे वेगळे आहेत ते पाहा

चारही वाक्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत मन लावून वाचत बसू नका. ती बहुतेक सारखीच असतात. एखाद्या पर्यायात क्रियापदाचे रूप बदललेले असते, दुसऱ्यात अनुस्वार गाळलेला असतो, तिसऱ्यात ऱ्हस्व-दीर्घ उलटे केलेले असते. नजर त्या दोन-तीन जागांवर ठेवा, बाकीचे वाक्य सोडून द्या. पोलीस शिपाई भरतीची लेखी परीक्षा १०० गुणांची आणि ९० मिनिटांची असते. तिथे एका प्रश्नाला मिनिटभरही मिळत नाही, त्यामुळे ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

दुसरी पायरी : क्रियापद कोणाच्या मागे चालते ते शोधा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्यायला हवा. प्रयोगाचे धडे पाठ असलेली मुलेही इथेच चुकतात, कारण ‘कर्तरी, कर्मणी, भावे’ ही नावे आठवण्यात त्यांचा वेळ जातो. नावे नंतर आठवा. आधी एवढेच विचारा : कर्ता आणि कर्म यांच्यापैकी कोणाला प्रत्यय लागलेला नाही? क्रियापद सहसा त्याच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलते.

‘अमित शाळेत गेला’, ‘सुनीता शाळेत गेली’. कर्त्याला प्रत्यय नाही, म्हणून क्रियापद कर्त्याप्रमाणे. ‘अमितने चिंच खाल्ली’, ‘सुनीताने पेढा खाल्ला’. कर्त्याला ‘ने’ लागला, कर्म मोकळे आहे, म्हणून क्रियापद कर्माप्रमाणे. आणि दोघांनाही प्रत्यय लागला तर? ‘शिपायाने चोराला पकडले’, ‘आईने मुलीला उठवले’, ‘शिक्षकांनी मुलींना समजावले’. क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनी राहते. ‘उठवली’, ‘समजावल्या’ ही रूपे बोलण्यात सर्रास येतात, म्हणूनच ती चुकीच्या पर्यायांत हमखास ठेवलेली असतात.

‘मी’ आणि ‘तू’ यांच्या बाबतीत जास्त सावध राहा. त्यांना भूतकाळात ‘ने’ दिसत नाही, पण वाक्याची वागणूक ‘ने’ असल्यासारखीच असते. म्हणून ‘मी पुस्तक वाचले’ शुद्ध, ‘मी पुस्तक वाचलो’ अशुद्ध. ‘मी कविता वाचली’ हे वाक्य मुलाने म्हटले तरी ‘वाचली’च येणार. ‘तू’ असेल तर शेवटी ‘स’ येतो : ‘तू पत्र लिहिलेस’.

याला काही क्रियापदे अपवाद आहेत आणि प्रश्न काढणाऱ्यांना ती फार आवडतात : शिकणे, विसरणे, पिणे. इथे कर्म असूनही क्रियापद कर्त्यालाच धरून राहते. ‘तो छत्री विसरला’, ‘ती छत्री विसरली’, ‘मी गणित शिकलो’, ‘ती चहा प्यायली’. ही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उलट ‘आवडणे’ मध्ये जी गोष्ट आवडते तिच्याप्रमाणे क्रियापद बदलते : ‘मला कैरी आवडते’, ‘मला कैऱ्या आवडतात’. ‘पाहिजे’ चेही तसेच. ‘मला दोन वह्या पाहिजे’ अशुद्ध, ‘मला दोन वह्या पाहिजेत’ शुद्ध. ‘मुले आली नाही’ अशुद्ध, ‘मुले आली नाहीत’ शुद्ध.

‘वाचले’ की ‘वाचली’?

क्रियापद कर्माप्रमाणे बदलते हे कळले, तरी नपुंसकलिंगी अनेकवचनात गोंधळ होतो. ‘मी पाच पुस्तके वाचले’ असे लिहिणारे कितीतरी सापडतील. गोंधळाचे कारण सांगतो. ‘वाचले’ हे रूप दोन ठिकाणी येते : ‘पुस्तक वाचले’ आणि ‘धडे वाचले’. ‘वाचली’ हेही दोन ठिकाणी येते : ‘कविता वाचली’ आणि ‘पुस्तके वाचली’. अनेकवचन म्हटले की ‘ले’ हवे असे मनात बसलेले असते, पण ते पुल्लिंगापुरतेच खरे आहे.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो कधी फसत नाही. नामाच्या आधी तो, ती, ते, त्या यांपैकी जो शब्द सहज येईल तो लावा आणि क्रियापदाचा शेवट त्याच्याशी जुळवा.

तो धडा – वाचला.
ते धडे – वाचले.
ती कविता – वाचली.
त्या कविता – वाचल्या.
ते पुस्तक – वाचले.
ती पुस्तके – वाचली.

‘ते पुस्तके’ असे तुम्ही म्हणणार नाही, ‘ती पुस्तके’च म्हणाल. मग क्रियापदही ‘वाचली’च. नामाचे लिंग आठवत नसेल तरी हा उपाय चालतो. ‘व्यक्ती’ हा शब्द पाहा. ती व्यक्ती पुरुष असली तरी ‘ती व्यक्ती आली’ असेच म्हणायचे. ‘वेळ’ मात्र दोन्हीकडे चालतो आणि अर्थ बदलतो : ‘माझा वेळ वाया गेला’, पण ‘जेवणाची वेळ झाली’.

आदरार्थी अनेकवचनात लिंग विसरू नका. ‘मुख्याध्यापक आले’, पण ‘मुख्याध्यापिका आल्या’. ‘माझे वडील शेतकरी आहेत’ यात विशेषणही अनेकवचनी होते. ‘किंवा’ ने जोडलेले दोन कर्ते असतील तर शेवटच्या कर्त्याकडे पाहा : ‘अमित किंवा सुनीता आली असेल’. ‘तू आणि मी’ असेल तर क्रियापद प्रथम पुरुषी अनेकवचनी : ‘तू आणि मी उद्या जाऊ’.

तिसरी पायरी : प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो

नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचे जे रूप होते ते सामान्यरूप. इथे तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, अनुस्वार. अनेकवचनी सामान्यरूपावर प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय आले की अनुस्वार हवाच : मुलांनी, लोकांना, झाडांखाली. आदरार्थीही तसेच : मुख्यमंत्र्यांचा दौरा, शिक्षकांना. ‘लोकानी’, ‘त्यानी’ (अनेक जणांनी या अर्थी) हे पर्याय बिनधास्त खोडा.

दुसरी, ऱ्हस्व-दीर्घ. शब्दाच्या शेवटच्या अक्षराआधीचे अक्षर दीर्घ ‘ई’ किंवा ‘ऊ’ चे असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होते. फूल – फुलाला, मूल – मुलांनी, बहीण – बहिणीला, जमीन – जमिनीवर, तूप – तुपात. अरबी-फारसीतून आलेले शब्दही हाच नियम पाळतात : वकील – वकिलांनी, गरीब – गरिबांना. गावोगावच्या फलकांवर ‘गरीबांसाठी’ असते, म्हणून डोळ्यांना तेच ओळखीचे वाटते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत : शरीर – शरीरात, गीत – गीतात, सूत्र – सूत्राने. शब्द संस्कृत आहे की नाही, हे ओळखणे नवख्याला जड जाते. त्यावर पाठांतराला पर्याय नाही. रोज थोडे शब्द वहीत दोन रकान्यांत लिहा, बदलणारे एका बाजूला आणि न बदलणारे दुसऱ्या बाजूला.

तिसरी, ‘करणेसाठी’. ‘दाखला मिळणेबाबत’, ‘अर्ज करणेसाठी’ ही सरकारी पत्रव्यवहाराची भाषा इतकी रुळली आहे की तीच शुद्ध वाटते. नियम सांगतो की एकारान्त नामाचे सामान्यरूप ‘या’कारान्त करावे. म्हणून ‘मिळण्याबाबत’, ‘करण्यासाठी’. ज्या कार्यालयात नोकरीसाठी अर्ज करताय, तिथल्या कागदांवर काहीही असो, परीक्षेत हेच लिहायचे.

आणखी एक, शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहा. ‘घरा समोर’, ‘त्या मुळे’ असे तोडून लिहिणे मोबाइलवर टंकताना अंगवळणी पडते. शुद्ध रूप ‘घरासमोर’ आणि ‘त्यामुळे’.

चौथी पायरी : शुद्धलेखन

मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. हे अठरा नियम शासनमान्य आहेत आणि परीक्षा त्यांवरच बेतलेली असते. सगळे एकदा शांतपणे वाचा. हे नियम येण्याआधीची पुस्तके वाचत असाल तर त्यांतले ‘नांव’, ‘पांच’, ‘कांहीं’, ‘केलें’ असे लेखन आता चालत नाही. उच्चारात न उमटणारे अनुस्वार त्या नियमांनी काढून टाकले, म्हणून नाव, पाच, काही, केले.

परीक्षेत वारंवार येणाऱ्या गोष्टी थोड्याच आहेत. शब्दाच्या शेवटचे ‘इ’ आणि ‘उ’ मराठीत दीर्घ लिहायचे : कवी, गती, गुरू, पशू. असे संस्कृतात मुळात ऱ्हस्व असलेले शब्द समासात पहिला शब्द म्हणून आले की ऱ्हस्व : गतिरोधक, गुरुदक्षिणा, पशुधन. ‘आणि’, ‘नि’ ऱ्हस्व, ‘की’ दीर्घ. ‘विद्यार्थी’ दीर्घ, पण ‘विद्यार्थिनी’ मधला ‘र्थि’ ऱ्हस्व. ‘माहीत’, ‘कठीण’ दीर्घ. ‘मंदिर’, ‘गणित’, ‘नागरिक’ ऱ्हस्व. गावाच्या नावातले ‘पूर’ नेहमी दीर्घ : नागपूर, सोलापूर.

‘करुन’ आणि ‘म्हणुन’ ही जोडी रोज दहा ठिकाणी दिसते. दोन्ही अशुद्ध आहेत. ‘करून’, ‘म्हणून’ मधला ऊकार दीर्घ आहे. त्याच्याच शेजारी ‘येवून’, ‘जावून’, ‘देवून’ बसलेले असतात. इथे धातू पाहा. ये, जा, दे, घे, हो यांत ‘व’ नाही, म्हणून येऊन, जाऊन, देऊन, घेऊन, होऊन. ठेव, धाव, जेव, लाव यांत ‘व’ मुळातच आहे, म्हणून ठेवून, धावून, जेवून, लावून. एकदा हे समजले की ‘ठेऊन’ आणि ‘जावून’ दोन्ही चुका एकाच नजरेत पकडता येतात.

‘रहाणे’, ‘पहाणे’ नको, ‘राहणे’, ‘पाहणे’ लिहा. फक्त आज्ञा करताना ‘राहा’ आणि ‘रहा’, ‘पाहा’ आणि ‘पहा’ दोन्हींना नियमाने मोकळीक दिली आहे. त्यामुळे एवढ्याच फरकावर पर्याय खोडू नका.

पाचवी पायरी : अर्थ आणि शब्दांचा क्रम

काही वाक्यांत एकही प्रत्यय चुकलेला नसतो, तरी वाक्य अशुद्ध असते. ‘येथे शुद्ध गाईचे तूप मिळेल’ यात शुद्ध कोण, गाय की तूप? विशेषण ज्याचे आहे त्याच्या लगत हवे : ‘येथे गाईचे शुद्ध तूप मिळेल’. ‘एक गरम कप चहा’ चेही तसेच.

दुसरा प्रकार तोच अर्थ दोनदा सांगण्याचा. ‘सुमारे’ आणि ‘अंदाजे’ एकत्र नकोत. ‘परत पुन्हा’ नको. ‘सर्वांत श्रेष्ठतम’ नको, कारण ‘तम’ मध्येच ‘सर्वांत’ आलेले आहे. ‘विंध्याचल पर्वत’ मध्ये ‘अचल’ म्हणजे पर्वतच.

जोडीने येणारे शब्द जोडीनेच हवेत. ‘जरी त्याने खूप अभ्यास केला, पण तो नापास झाला’ हे अशुद्ध. ‘जरी’ आले की ‘तरी’ हवे, ‘जर’ ला ‘तर’, ‘जेव्हा’ ला ‘तेव्हा’, ‘ज्याअर्थी’ ला ‘त्याअर्थी’.

हिंदीची छाया असलेली वाक्ये हल्ली खूप दिसतात. ‘मी काल त्याला मिळालो’ नको, ‘भेटलो’ हवे. ‘त्याची मदत केली’ नको, ‘त्याला मदत केली’ हवे.

एक प्रश्न शेवटपर्यंत सोडवून पाहू

१) मुलांनी बागेतील सर्व फुले तोडले.
२) मुलानी बागेतील सर्व फुले तोडली.
३) मुलांनी बागेतील सर्व फूले तोडली.
४) मुलांनी बागेतील सर्व फुले तोडली.

फरक तीन जागी आहे : ‘मुलांनी’ की ‘मुलानी’, ‘फुले’ की ‘फूले’, ‘तोडले’ की ‘तोडली’. आधी क्रियापद. कर्त्याला ‘नी’ लागला आहे, ‘फुले’ मोकळे आहे, म्हणून क्रियापद ‘फुले’ च्या मागे. ‘ती फुले’, म्हणून ‘तोडली’. पहिला पर्याय गेला. मग अनुस्वार. मुले अनेक आहेत, ‘मुलानी’ गेले, दुसरा पर्याय गेला. उरले ‘फूले’. ‘फूल’ दीर्घ असले तरी अनेकवचनात ‘फु’ ऱ्हस्व होतो. उत्तर चौथा पर्याय. क्रियापद, सामान्यरूप, शुद्धलेखन, अर्थ हा क्रम दर वेळी तोच ठेवा. सुरुवातीला हळू होईल, महिन्याभरात हाताला बसेल.

सराव कसा करायचा

लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका मिळतात. नवी सराव-पुस्तके घेण्याआधी त्या सोडवा. बाजारातल्या काही पुस्तकांत उत्तरेच चुकलेली असतात आणि नवख्याला ते कळायला मार्ग नसतो. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चूक कोणत्या पायरीवर झाली ते लिहा : क्रियापद, सामान्यरूप, शुद्धलेखन की अर्थ. काही दिवसांत एकाच पायरीपुढे जास्त खुणा दिसू लागतील. पुढचा आठवडा त्या एकाच पायरीला द्या.

आयोगाच्या वस्तुनिष्ठ परीक्षांत चुकीच्या उत्तराला एक चतुर्थांश गुण कापले जातात. म्हणून चारपैकी दोन पर्याय नियमाने खोडता आले तरच उत्तर द्या. एकही खोडता येत नसेल तर प्रश्न सोडा. ‘चूक नाही’ असा पर्याय असलेल्या प्रश्नात अनेक जण चूक शोधतच राहतात. क्रमाने एकदा तपासा आणि काही सापडले नाही तर ‘चूक नाही’ निवडून पुढे जा.

परीक्षेनंतर आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करतो आणि तिच्यावर हरकती मागवतो. व्याकरणाच्या प्रश्नांवर हरकती घेण्याजोगी जागा असते, कारण काही ठिकाणी व्याकरणकारांतच मतभेद आहेत. तुमचे उत्तर नियमाला धरून होते असे वाटत असेल तर मुदतीत हरकत नोंदवा. सोबत त्या नियमाचा किंवा मान्य व्याकरणग्रंथातल्या पानाचा आधार द्या आणि प्रश्नपुस्तिकेचा संच व प्रश्नक्रमांक दोनदा तपासून घ्या.